बेचाळीस मीटरवरचा आवाज आणि तो मोजणारा काटा

ऑगस्ट क्रांतिदिनाच्या निमित्ताने पंचवटीतल्या एका शाळेत आम्हाला बोलायला बोलावले होते. विषय होता १९४२ सालचा मुंबईचा गुप्त रेडिओ. बोलणे संपल्यावर नववीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, लहरी दिसत नाहीत, त्यांचा वास येत नाही, मग पोलिसांना ते घर कसं सापडलं?" आम्ही घाईत उत्तर देऊन टाकले, "दिशा शोधणारी गाडी असते, तिच्यावर फिरता एरियल असतो." मुलीचे समाधान झालेले दिसले, पण आमचे झाले नाही. होळकर पूल ओलांडून परत येताना लक्षात आले की आपले उत्तर अर्धे बरोबर आणि अर्धे चूक आहे. उरलेले अर्धे उत्तर देण्यासाठी हा लेख लिहीत आहोत. तो देताना 'फील्ड स्ट्रेंथ मीटर' म्हणजे क्षेत्र-तीव्रता मापक या साध्या उपकरणाची ओळख करून घ्यावी लागेल. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी असे उपकरण घ्यायचे किंवा बनवायचे झाले तर कोणते, याचाही विचार ओघाने येईल.

आधी इतिहास. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत' ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच नेत्यांची धरपकड झाली. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. आकाशवाणी तर सरकारचीच. अशा वेळी मुंबईतल्या काही तरुणांनी स्वतःचे नभोवाणी केंद्र चालवायचे ठरवले. त्यांत बावीस वर्षांच्या उषा मेहता होत्या, बाबूभाई खाकर होते, विठ्ठलदास आणि चंद्रकांत झवेरी होते. ध्वनिवर्धकांसाठी प्रसिद्ध असलेल्या शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांची सामग्रीसाठी मदत झाली. प्रक्षेपक उभारण्याचे काम नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओतज्ज्ञाने केले. लवकरच डॉ. राममनोहर लोहियांचे मार्गदर्शन मिळू लागले. २७ ऑगस्टला चौपाटीवरच्या 'सी व्ह्यू' इमारतीतून पहिले प्रसारण झाले. निवेदनाचा अर्थ असा असे: हा काँग्रेस रेडिओ आहे, भारतात कुठूनतरी, ४२.३४ मीटरवर बोलत आहे.

हे '४२.३४ मीटर' नीट पाहण्यासारखे आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याला ४२.३४ ने भागले की कंप्रता मिळते सुमारे ७०,८५,००० हर्ट्झ, म्हणजे ७.०८५ मेगाहर्ट्झ. आपल्या नेहमीच्या मध्यम लहरींच्या बरीच वर असलेली ही लघुलहर आहे. ती हौशी रेडिओचालकांच्या चाळीस मीटर पट्ट्यात मोडते, आणि यात नवल नाही. १९३९ साली महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी मंडळींचे प्रक्षेपण बंद करून यंत्रे जमा करण्याचे हुकूम काढले होते, पण यंत्रे जमा झाली तरी डोक्यातले ज्ञान जमा होत नाही. हौशी माणूस सुटे भाग जमवून जो प्रक्षेपक बांधेल, तो त्याच्या हाताला सवय असलेल्या पट्ट्यातच बांधेल, असे आम्हाला वाटते. एरियलही सोयीचा पडतो. अर्ध्या तरंगलांबीची तार म्हणजे २१ मीटर, पाव तरंगलांबीची सुमारे साडेदहा. मुंबईच्या तीन-चार मजली इमारतीच्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ती सहज ताणता येते.

या केंद्राने काय सांगितले? चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातल्या घटना. आणि आपल्या विदर्भातल्या आष्टी व चिमूर इथे ऑगस्टमध्ये जे घडले त्याचे वर्णन. वर्ध्याच्या आणि त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातल्या त्या गावांची हकीकत वृत्तपत्रांत सरळ छापून येणे अशक्य होते. ती घराघरांतल्या संचांतून ऐकू आली. या केंद्राचे मोल वॅटमध्ये मोजायचे नसते, ते असे मोजायचे असते. त्या काळी नुसता रेडिओ ऐकायलासुद्धा परवाना लागे, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. पोस्टात जाऊन रेडिओच्या परवान्याचे शुल्क भरल्याचे ज्येष्ठ शिक्षकांना आठवत असेल. बिनतारी यंत्र जवळ बाळगण्यावरचा निर्बंध १९३३ च्या कायद्याने आला, आणि संदेशवहनाचा सारा अधिकार सरकारचा हे तर १८८५ च्या तार कायद्यानेच ठरवून टाकले होते.

आता शोधणाऱ्याच्या बाजूने पाहू. पोलिसांचे लोक ही प्रसारणे ऐकून शब्दशः उतरवून घेत. पुढे खटल्यात ती टिपणेच पुरावा म्हणून आली. पण ऐकू येणे वेगळे आणि कुठून येते ते कळणे वेगळे.

दिशा शोधण्याचे जुने साधन म्हणजे वेटोळ्याचा एरियल. लाकडी चौकटीवर तारेचे काही फेरे गुंडाळले की झाला. वेटोळ्याची कड प्रक्षेपकाकडे असली की आवाज सर्वांत मोठा. वेटोळे चेहऱ्यासारखे समोर धरले की आवाज जवळजवळ नाहीसा. नवशिक्याला वाटते की मोठ्या आवाजावरून दिशा काढावी, पण जाणता माणूस नेमका उलट करतो. कारण त्रिकोणमितीचे आहे. वेटोळ्यातला दाब कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात बदलतो. सर्वोच्च स्थितीपासून वेटोळे १० अंश फिरवले तर दाब १०० वरून ९८.५ वर येतो, म्हणजे कानाला काहीच फरक नाही. पण शून्यस्थितीपासून तेच १० अंश फिरवले तर दाब शून्यावरून १७.४ वर जातो. हा बदल बहिऱ्यालाही कळेल. दहावीच्या वर्गात कोज्येचा आलेख शिकवताना 'टोकाशी सपाट, मध्याशी उतार' हे सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

दोन ठिकाणांहून दिशा काढून नकाशावर रेघा मारल्या की त्या जिथे छेदतील तिथे प्रक्षेपक. पुस्तकात हे फार सोपे दिसते. प्रत्यक्षात दोन अडचणी येतात. पहिली अशी की, लघुलहर दूरवर पोहोचते ती आयनांबरावरून परावर्तित होऊन. ती वरून खाली येते, वाटेत तिचे ध्रुवण पिळले जाते, आणि वेटोळ्याची शून्यस्थिती पुसट होते, संध्याकाळनंतर तर फारच. नाशिकसारख्या दीड-पावणेदोनशे किलोमीटरवरच्या गावी बसून मुंबईच्या ७ मेगाहर्ट्झच्या प्रक्षेपकाची दिशा वेटोळ्याने काढायची म्हटली तर आडाख्यापलीकडे काही हाती येणार नाही. यावर उपाय म्हणून अ‍ॅडकॉक या इंग्रज अभियंत्याने पहिल्या महायुद्धानंतर उभ्या खांबांचा एरियल काढला, पण तो मोठा आणि एका जागी रोवलेला असतो, गल्लीत फिरवता येत नाही.

दुसरी अडचण शहराची. समजा, १० किलोमीटर अंतरावरून दिशा काढली आणि चूक फक्त २ अंशांची झाली. तरी जागा दोन्ही बाजूंना साडेतीनशे मीटर सरकते. गिरगावात सातशे मीटर रुंदीच्या पट्ट्यात किती चाळी, किती खोल्या? शिवाय ट्रामच्या तारा, लोखंडी गर्डर, नळ, गॅलऱ्यांचे कठडे हे सारे लहर पकडून पुन्हा फेकतात. कधी वेटोळे प्रक्षेपकाऐवजी ट्रामच्या तारेकडेच बोट दाखवते.

म्हणून शेवटच्या टप्प्यात दिशेपेक्षा तीव्रता उपयोगी पडते, आणि तिथे आपला मापक येतो. प्रक्षेपकापासून पुरेसे दूर, म्हणजे तरंगलांबीला २π ने भागून येणाऱ्या अंतराच्या बरेच पलीकडे, क्षेत्राची तीव्रता अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. ४२.३४ मीटरसाठी हे अंतर जेमतेम पावणेसात मीटर भरते, त्यामुळे रस्त्यावरच्या माणसाला व्यस्त प्रमाणाचा नियम बहुतेक लागू. काटा पाहत १०० मीटर चाललो आणि वाचन दुप्पट झाले, तर आणखी १०० मीटर चालायचे उरले. सातवीच्या मुलालाही हे गणित सुटेल. अर्थात मोकळ्या माळरानावर. गल्लीत काटा वरखाली नाचतो, आणि मग त्याच गल्लीतून चार वेळा, वेगवेगळ्या बाजूने फिरून सरासरी घ्यावी लागते. त्याला वेळ लागतो, आणि तोवर केंद्र बोलत राहावे लागते.

गुप्त केंद्र चालवणाऱ्यांना हे माहीत होते. आपल्या मागावर गाड्या आहेत याची त्यांना कल्पना होती. त्यांनी जागा बदलत ठेवल्या. चौपाटीनंतर लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, म्हणजे मणिभवनच्याच रस्त्यावर. सँडहर्स्ट रोडवरचे लक्ष्मी भुवन, गिरगावातली पारेखवाडी, वाळकेश्वरचा रतन महाल, आणि शेवटी महालक्ष्मीचा पॅराडाइज बंगला. नकाशा काढून पाहिला तर ही सारी घरे तीन-चार किलोमीटरांच्या टापूत आहेत. बदल थोडाच, पण गल्लीगल्लीतून चार दिवस फिरून काढलेले वाचन पुसून टाकायला तेवढा पुरे.

तरी एक गोष्ट त्यांना बदलता येत नव्हती. श्रोत्यांना केंद्र सापडायचे तर लहर ठरलेली हवी, वेळ ठरलेली हवी, आणि ती जाहीरही करायला हवी. शोधणाऱ्यालाही नेमके हेच हवे असते. हेर आपल्या मुख्यालयाशी दोन मिनिटे बोलून, लहर बदलून, गप्प बसू शकतो. लोकांसाठी बोलणाऱ्या केंद्राला तसे करता येत नाही. ४२.३४ हा आकडा रोज उच्चारणे म्हणजे दाराला कडी न लावता बसणे होते, आणि ते जाणूनबुजून होते. सव्वीस वर्षे ओलांडलेला त्या गटात फारसा कोणी नसावा असे आपल्याला वाटते, इतके ते धाडस तरुण वाटते. पण हिशेब पाहिला तर तो विचार करून केलेला दिसतो.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी आधी बाबूभाईंच्या कचेरीवर छापा घातला. उषाबेन तिथून निसटून सहकाऱ्यांना सावध करून महालक्ष्मीच्या बंगल्यावर गेल्या आणि त्यांनी चंद्रकांत झवेरींसोबत त्या रात्रीचे प्रसारण केलेच. 'वंदे मातरम्'ची ध्वनिमुद्रिका चालू असताना दारे फोडून पोलीस आत आले. ध्वनिमुद्रिका थांबवायला सांगितले, ती थांबवली नाही. पुढे विशेष न्यायालयात खटला चालला. बाबूभाईंना ५ वर्षे, उषाबेनना ४ वर्षे, चंद्रकांत झवेरींना १ वर्ष अशा शिक्षा झाल्या. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवाने निर्दोष सुटले. उषाबेन येरवड्याहून १९४६ साली सुटल्या, पुढे त्यांनी मुंबईत राज्यशास्त्र शिकवले, १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि ११ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले.

मग घर सापडले कसे? उषाबेननी पुढे वेळोवेळी सांगितले त्याप्रमाणे, त्यांचा तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला आणि त्याच्याकडून पत्ता फुटला. वेटोळ्याने आणि काट्याने मुंबईतला टापू दाखवला असेल, दार दाखवले ते माणसाने. म्हणून नववीतल्या मुलीला दिलेले आमचे उत्तर अर्धे चूक होते. अडीच महिने भौतिकशास्त्राला हुलकावणी देता आली, पण ज्याला सगळी घरे माहीत होती त्या एका माणसाच्या अटकेपुढे इलाज चालला नाही. त्या माणसावर कोठडीत काय दडपण आले असेल याचाही विचार वर्गात व्हावा. निवाडा मुलांनी आपापला करावा.

परवान्याविना बोलणाऱ्या छोट्या रेडिओंची गोष्ट तिथे संपत नाही. अमेरिकेत १९३८ साली नियम झाला की तरंगलांबी भागिले २π एवढ्या अंतरावर मीटरला १५ मायक्रोव्होल्टपेक्षा कमी क्षेत्र निर्माण करणाऱ्या यंत्राला परवाना नको. निमित्त होते दूरनियंत्रकासारख्या घरगुती खेळण्यांचे. फिल्को कंपनीचा, बिनतारी डबीवरची चकती फिरवून केंद्र बदलण्याचा रेडिओ त्याच सुमाराचा. आज तिथे एफएम पट्ट्यासाठी ही मर्यादा ३ मीटरवर २५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर अशी आहे. जपानच्या कायद्यात अगदी क्षीण प्रक्षेपकांना अशीच मोकळीक होती, तिचा फायदा घेऊन १९८० नंतरच्या दशकात तेत्सुओ कोगावा यांच्या प्रेरणेने तिथल्या गल्लीबोळांत 'मिनी एफएम'ची लाट आली. केंद्राचा पल्ला काहीशे मीटर. ऐकणारा चालत येऊन निवेदकाला भेटू शकेल एवढा.

आपल्याकडे एफएम पट्ट्यात हौसेने बोलायला अशी सूट नाही. बिहारमधल्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर गावी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने चालवलेले घरगुती केंद्र बरेच गाजले आणि २००६ साली बंद करावे लागले. त्याआधी १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे म्हटले होते. त्यातून वाट निघत निघत २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचे परवाने खुले झाले. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र १ फेब्रुवारी २००४ ला सुरू झाले. आमच्या नाशिकलाही ९०.८ मेगाहर्ट्झवर 'रेडिओ विश्वास' हे सामुदायिक केंद्र निघाले. जुन्या दोन्ही कायद्यांची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ साली संमत झाला, पण परवान्याविना प्रक्षेपण करायचे नाही हे तत्त्व तेच. तेव्हा शिक्षकांनी बाजारात मिळणारी एफएम प्रक्षेपकाची जोडणी आणून वर्गातून 'शाळा रेडिओ' सुरू करण्याचा मोह टाळावा. मोजमाप मात्र कोणीही करावे. ऐकायला आणि मोजायला आता परवाना लागत नाही.

आता मापक कोणता घ्यावा? यासाठी आधी आकड्यांचा अंदाज हवा. मोकळ्या जागेत क्षेत्राची तीव्रता काढायचे सूत्र असे: शक्तीला ३० ने गुणा, वर्गमूळ काढा आणि अंतराने भागा. इथली शक्ती म्हणजे सर्व दिशांना सारखी फेकली जात आहे असे मानलेली शक्ती. अमेरिकेची ३ मीटरवर २५० मायक्रोव्होल्टची मर्यादा या सूत्रात उलटी घातली तर प्रक्षेपकाची शक्ती निघते सुमारे १९ नॅनोवॅट. वॅटचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोवॅट! याउलट आपल्या सामुदायिक केंद्राला १०० वॅट परिणामी शक्तीची मुभा असते. ती अर्धलहरी एरियलच्या तुलनेत मोजतात. मध्ये काही आडवे नाही असे धरले तर त्या केंद्रापासून १० किलोमीटरवर मीटरला सुमारे ७ मिलिव्होल्ट क्षेत्र असेल. घरे आणि झाडे त्यातले बरेच खाऊन टाकतात हा भाग वेगळा. तरी, दहा किलोमीटरवरचे हे आकडेमोडीतले क्षेत्र अमेरिकेतल्या बिनपरवाना खेळण्याच्या तीन मीटरवरच्या क्षेत्राच्या अठ्ठावीस पट भरते.

सर्वांत स्वस्त मापक शाळेतच बनतो. एक काठी-एरियल, जर्मेनियमचा एक डायोड, एक छोटा धारित्र आणि ५० मायक्रोअँपियरचा काटेवाला मीटर. ओए-७९ हा डायोड जुन्या रेडिओतून काढता येतो. बॅटरीसुद्धा नको. मात्र त्याची मर्यादा ओळखून असावे. डायोडला जागे करायला दहाव्या भागाच्या आसपास व्होल्ट लागतो असे धरू. परिणामी लांबी अर्धा मीटर असेल तर क्षेत्र मीटरला ०.२ व्होल्ट हवे. ३ मीटरवर एवढे क्षेत्र द्यायला प्रक्षेपक १२ मिलिवॅटचा लागेल, म्हणजे १९ नॅनोवॅटच्या सहा लाख चाळीस हजार पट. थोडक्यात, या मापकाचा काटा ३ मीटरवर हलला तर मर्यादा केव्हाच ओलांडली गेली, आणि हलला नाही म्हणून मर्यादेच्या आत आहे असे मुळीच नाही. अशा मापकावर 'सुरक्षित' आणि 'बेकायदा' असे हिरवे-तांबडे पट्टे रंगवून विकलेले आम्ही पाहिले आहेत. ते पाहून हसावे की रागवावे कळेना. हा मापक एकाच कामाचा: त्याच प्रक्षेपकाचा एरियल लांब-आखूड करून कोणत्या लांबीला काटा जास्त जातो हे पाहणे. परवानाधारक हौशी चालक आजही तो त्यासाठीच वापरतात.

दुसऱ्या टोकाला प्रयोगशाळेत अंशांकन केलेले ग्राही यंत्र, सोबत एरियलचा कंप्रतेनुसार गुणकांचा तक्ता आणि दरवर्षी करून घ्यायची तपासणी. त्याची किंमत शाळेच्या वार्षिक अनुदानाकडे पाहून विचारूच नये.

मधला एक मार्ग आम्हाला पसंत आहे. केबल टीव्हीवाल्यांकडे संकेत-पातळी मोजणारा मीटर असे. केबलचे डिजिटलीकरण झाल्यावर असे कित्येक मीटर अडगळीत पडले आणि जुन्या बाजारात ते मिळू शकतात. तो एफएम पट्टाही वाचतो. पण लक्षात ठेवायचे की तो तारेच्या टोकावरचे व्होल्ट दाखवतो, हवेतले क्षेत्र नव्हे. या दोहोंत गल्लत करणे ही या विषयातली सर्वांत सामान्य चूक आहे. दोहोंना जोडणारा दुवा एरियल. १०० मेगाहर्ट्झजवळ प्रत्येकी सुमारे ७० सेंटिमीटरच्या दोन अ‍ॅल्युमिनियम नळ्यांचा अर्धलहरी एरियल करा, ७५ ओहमची केबल जोडा. अशा एरियलची परिणामी लांबी तरंगलांबी भागिले π, म्हणजे ९५ सेंटिमीटर, आणि जुळणाऱ्या भारावर त्यातले निम्मे व्होल्ट मिळतात. म्हणून मीटरवरच्या मायक्रोव्होल्टला २.१ ने गुणले की मीटरमागे मायक्रोव्होल्ट. केबल आखूड ठेवावी, एरियल जमिनीपासून आणि माणसांपासून दोन-तीन मीटर दूर असावा. आकडा दीडपट इकडेतिकडे झाला तरी शाळेच्या कामाला हरकत नाही. नाशिक आकाशवाणीच्या १०१.४ मेगाहर्ट्झचे वाचन नदीच्या पात्रात, गच्चीवर आणि म्हसरूळच्या बाजूला टेकडीच्या पायथ्याशी घेऊन नकाशावर मांडले, तर भूगोलाच्या समोच्च रेषांसारखा सुंदर नकाशा तयार होतो.

आणि हेही जमत नसेल तर? साधा मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर घ्यावा. त्यातली फेराइटची कांडी म्हणजे वेटोळेच. कांडीचे टोक केंद्राकडे आले की आवाज बुडतो.

शाळेतल्या त्या व्याख्यानानंतर महिन्याभराने आम्ही तिथल्या पंधरा-वीस विज्ञानशिक्षकांबरोबर एक रविवार घालवला. बेकायदा प्रक्षेपक नको म्हणून मोबाइलचा एक हलक्या प्रतीचा चार्जर 'गुप्त केंद्र' म्हणून एका वर्गात कपाटामागे लपवला. असे चार्जर मध्यम लहरींवर भरपूर खरखर करतात. तीन गट, तीन ट्रान्झिस्टर. केंद्र नसलेल्या जागी काटा लावून प्रत्येकाने खरखरीची दिशा शोधायची. पहिल्या गटाने कांडी फिरवून मैदानावर चुन्याने रेघ मारली, दुसऱ्याने मारली, तिसऱ्यानेही. तिन्ही रेघा शाळेच्या भिंतीपलीकडे जाऊन एकमेकींना भेटल्या. आम्ही पार ओशाळलो. आयोजकांनी चार्जर चालू केला आहे ना, हे दोनदा पाहून आलो.

भिंतीपलीकडे एक लहानसे देऊळ होते आणि त्याच्या शिखरावर नव्या दिव्यांची माळ सोडलेली होती. एका बाईंनी जाऊन पुजारीबाबांना विनंती केली, "बाबा, माळ जरा एक मिनिट बंद करता का? पोरांचा प्रयोग आहे." माळ विझली आणि तिन्ही ट्रान्झिस्टर गप्प झाले. मग कुठे कपाटामागची बारीक खरखर ऐकू आली, आणि तिसऱ्या गटाने चार मिनिटांत चार्जर काढला. दुसऱ्या गटातल्या गणिताच्या शिक्षकांनी मात्र तक्रार केली की, अंतर निम्मे केल्यावर आवाज दुप्पट न होता फारच वाढतो, तुमचा व्यस्त प्रमाणाचा नियम खोटा आहे. तक्रार रास्त होती. १००० किलोहर्ट्झला तरंगलांबी ३०० मीटर, तिला २π ने भागले की ४८ मीटर, आणि आम्ही सारे त्या अंतराच्या आत होतो. तिथे क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणाच्या आसपास घटते. हे फळ्यावर मांडून होईपर्यंत पलीकडे माळ पुन्हा लागली होती, आणि ट्रान्झिस्टर पुन्हा एकाच दिशेला बोट दाखवू लागले होते.